ओंडक्याची हजेरी

पुण्यात खराडी किंवा हिंजवडीच्या आसपासच्या एखाद्या घरी संध्याकाळी फोन करून "सूनबाई आहेत का?" असं विचारलं, तर सासूबाई सहज सांगून जातात, "अहो, तिचं आज साडेसहाचं लॉगिन आहे." एवढ्या एका वाक्यात सून नोकरी करते, साहेब अमेरिकेत बसतो, पहाटेपर्यंत तिच्या खोलीचं दार बंद राहील आणि रात्रीची मागची आवराआवर सासूबाईंकडे आहे, हे सगळं येऊन जातं. पूर्वी या जागी 'ड्यूटी' असायची. त्याआधी 'पाळी' होती आणि गिरणीचा भोंगा होता. आता लॉगिन. ते नपुंसकलिंगी आहे, 'तो लॉगिन' नव्हे आणि 'ती लॉगिन'ही नव्हे, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागलेलं नाही.

इंग्रजीचे मास्तर ज्यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात त्या बेरकी जमातीतलं हे क्रियापद. या जमातीची रीत अशी की मूळ क्रियापद असतं साधं, गरीब. शेपटी बदलली की ते स्वभाव बदलतं. 'लुक'ला 'अप' लावलं की ते शब्दकोश चाळू लागतं, 'आफ्टर' लावलं की आजारी आजीची काळजी घेतं, 'फॉर' लावलं की हरवलेला चष्मा शोधायला निघतं. मराठी माध्यमाच्या कैक पिढ्यांनी या शेपट्यांच्या याद्या परीक्षेच्या आदल्या रात्री घोकल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसरल्या. त्याचा सूड म्हणून की काय, मराठीने 'लॉग' आणि 'इन' वेगळे ठेवलेच नाहीत. शेपटीसकट अख्खं जनावर उचललं आणि त्याला आपली शेपटी लावली. लॉगिन करणे, होणे, देणे, घेणे आणि अर्थातच मारणे. चक्कर, गप्पा, झेरॉक्स, मिस कॉल आणि सही यांच्याप्रमाणे लॉगिनही मारता येतं. "लॉगिन मार आणि चहाला ये" हे वाक्य कुठल्याही आयटी पार्कच्या फाटकाशी ऐकू येतं, आणि त्यातला कामाचा भाग कुठे संपतो हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

क्रिया एवढी परिचयाची झाल्यावर तिच्यातला 'लॉग' कोण, ही चौकशी सहसा होत नाही. विज्ञान शाखेच्या माणसाला लॉग म्हटल्यावर बारावीची लॉगटेबलं आठवतात आणि पोटात गोळा येतो. पण त्या लॉगचा इथे काही संबंध नाही. तो स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ साली जगावर सोडलेला आणि ग्रीक मुळाचा. लॉगिनमधला लॉग हा सरळ सरळ ओंडका आहे. लाकडाचा. पाण्यात टाकायचा.

सोळाव्या शतकातल्या खलाशांपुढे मोठी अडचण होती. भर समुद्रात आपण किती वेगाने चाललो आहोत हे कळायचं कसं? मैलाचा दगड नाही, ओळखीचा पिंपळ नाही, वाटेत विचारायला माणूस नाही. आपण मुंबईपासून किती दूर आलो हे आदल्या वेगावरून आणि गेलेल्या वेळावरूनच काढायचं. अनुभवी माणसं कठड्यावरून फेसाकडे बघून अंदाज बांधायची. यावर निघालेल्या उपायाचं वर्णन विल्यम बोर्न या इंग्रजाने 'अ रेजिमेंट फॉर द सी' या १५७४ सालच्या पुस्तकात केलं आहे. उपाय असा: दोरीला लाकूड बांधून ते जहाजामागे पाण्यात टाकायचं आणि ठराविक वेळात किती दोरी सुटते ते बघायचं.

पुढे त्या लाकडाला चतकोर भाकरीचा आकार आला. गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे ते पाण्यात आडवं न पडता उभं राहतं, पाणी अडवतं आणि जवळजवळ जागचं हलत नाही. जहाज पुढे निघून जातं. एका खलाशाने डोक्याच्या वर दोरीची फिरकी धरायची, दुसऱ्याने वाळूचं घड्याळ उलटं करायचं, तिसऱ्याने हातातून सरकणाऱ्या दोरीच्या गाठी मोजायच्या. वाळू संपली की "थांब!" जितक्या गाठी हातातून गेल्या तितके ताशी सागरी मैल, हा जहाजाचा वेग. इंग्रजीत गाठीला 'नॉट' म्हणतात, म्हणून आजही जहाजाचा कप्तान आणि विमानाचा वैमानिक दोघेही वेग 'नॉट'मध्येच सांगतात. ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या जेट विमानाचा हिशेब दोरीच्या गाठींत होतो, ही गोष्ट खिडकीजवळच्या प्रवाशाला न सांगितलेलीच बरी.

गाठींमधलं अंतर किती ठेवायचं यावरून मात्र जी गंमत झाली, ती कुठल्याही कचेरीत खपून जावी. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं घड्याळ आणि ४२ फुटांवर एक गाठ, असा हिशेब होता, कारण सागरी मैल ५,००० फुटांचा असावा अशी समजूत होती. मग रिचर्ड नॉरवूड नावाच्या गणितज्ञाने १६३० च्या दशकात लंडन ते यॉर्क हे अंतर साखळीने मोजत, आणि जिथे साखळी जमेना तिथे पावलं मोजत, काढलं. दोन्ही गावांत सूर्याची उंची घेतली आणि पृथ्वीचा एक अंश किती लांब आहे हे ठरवलं. १६३७ साली त्याने छापून सांगितलं की सागरी मैल ६,१२० फुटांचा आहे. आजचा अधिकृत सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे सुमारे ६,०७६ फुटांचा. इंग्लंडच्या चिखलातून पावलं मोजत गेलेल्या माणसाची चूक शंभरात एकाहूनही कमी होती.

एवढं बिनतोड काम झाल्यावर खलाशांनी काय करावं? त्यांनी ऐकून घेतलं आणि ४२ फुटांवरच गाठी मारत राहिले. त्यांचं म्हणणं असं होतं की गाठी जवळ असल्या की वेग जास्त दिसतो. वहीप्रमाणे किनारा जवळ येतो, प्रत्यक्षात तो अजून लांब असतो, मग माणसं आधीपासूनच खडकांवर डोळा ठेवून जागी राहतात. उलट चूक झाली तर वहीत भर समुद्र आणि बुडाखाली खडक. प्रगती फुगवून सांगितल्याने जीव वाचतात असा व्यवहार जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडेल. तिमाही आढावा लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवायला हरकत नाही. शेवटी तडजोड म्हणून घड्याळ २८ सेकंदांचं झालं आणि गाठ ४७ फूट ३ इंचांवर गेली.

आकडा फुगवण्याची ही रीत, तर आकडा दाबण्याची कोलंबसची. १४९२ साली त्याच्याकडे हे फळकूट नव्हतं, वेगाचा अंदाज नजरेनेच. त्याच्या रोजनिशीचा जो गोषवारा लास कासास या पाद्र्याने करून ठेवला आहे, त्यानुसार कोलंबस रोजच्या प्रवासाचे दोन आकडे ठेवत असे. एक स्वतःसाठी, एक खलाशांना सांगायला. सांगायचा आकडा कमी, म्हणजे घरापासून आपण किती लांब आलो हे कळून माणसं बिथरू नयेत. एक नंबरची आणि दोन नंबरची वही ही आपल्याच बाजारपेठांची कर्तबगारी, असा अभिमान बाळगणाऱ्यांना हे जरा जड जाईल. इतिहासकारांत यावर वाद आहे आणि कोलंबसचा खरा आकडाच खोटा निघाला असंही काही जण म्हणतात, पण तेही दोन नंबरच्या वहीच्या परंपरेला धरूनच आहे.

फळकूट पाण्यातून ओढून घेतलं की वेग लिहायचा कुठे? आधी काळ्या रंगाच्या दुमडत्या फळीवर खडूने, मग तिथून वहीत. ओंडक्याचे आकडे ज्यात उतरतात ती ओंडक्याची वही, म्हणजेच लॉगबुक. हळूहळू त्यात वेगाशेजारी दिशा आली, वारा आला, हवामान आलं, कोण आजारी पडलं, पाण्याचं कुठलं पिंप गळलं, हेही आलं. १८०२ साली एडवर्ड मॅसीने फिरत्या पात्यांचं यांत्रिक लॉग काढलं आणि ओंडक्याची नोकरी धोक्यात आली. पण वहीचं नाव बदललं नाही. जे हुद्द्यावरून गेले तरी पाटीवर राहतात त्यांच्यातला हा एक ओंडका.

या वह्यांच्या कंटाळवाण्या नोंदींनी पुढे एक उपकार केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या हजारो वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अशा जुन्या वह्यांतून रोजचा वारा गोळा करून हवामानाच्या अभ्यासकांनी १७५० ते १८५० या काळातल्या समुद्रावरच्या वाऱ्यांचा आलेख मांडला. झोपेत पेंगत खडूने 'वारा नैऋत्येचा' असं लिहिणाऱ्या माणसाला आपण विज्ञान करतो आहोत याचा पत्ता नव्हता. आजच्या लॉगिन-लॉगआउटच्या वेळा दोनशे वर्षांनी कुणाच्या कामाला येतील असा प्रश्न पडतो. फार तर हिंजवडीच्या वाहतूक कोंडीचा आलेख निघेल.

वहीत नाव चढणं ही गोष्ट खलाशांना मात्र आवडत नसे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर एखाद्याला 'लॉग' केलं म्हणजे त्याचा गुन्हा वहीत लिहिला आणि पगारातून दंड कापला. कायदा असा की ती नोंद आरोपीला वाचून दाखवायची आणि त्याने दिलेलं उत्तरही खाली लिहायचं. लेट मार्क लावताना कर्मचाऱ्याचं "चांदणी चौकात अडकलो होतो" हे उत्तर शब्दशः नोंदवून ठेवणारी कचेरी आज शोधून सापडणार नाही. त्या बाबतीत जहाजं पुढारलेली होती. या जहाजांवर कोकणातलेही खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, तेव्हा लॉग होण्याचा मराठी अनुभव आयटीपेक्षा बराच जुना म्हणायला हवा.

याच ओंडक्याचा एक चुलतभाऊ घरात राहिला. थंड मुलखातल्या शेकोटीत मागच्या बाजूला एक मोठा ओंडका ठेवत, तो रात्रभर धुमसत राही आणि सकाळी विस्तव तयार मिळे. हा बॅकलॉग. म्हणजे मुळात बॅकलॉग ही शिल्लक होती, पुण्याई होती. पुढे व्यापारात हातातल्या मागण्यांचा साठा असा अर्थ झाला आणि मग साठ्याचा ढिगारा. महाराष्ट्रात तो दोन रूपांनी नांदतो. इंजिनिअरिंगच्या पोराचा बॅकलॉग एम-थ्री या गणिताच्या विषयात राहतो, आणि विदर्भ-मराठवाड्याचा सिंचनात आणि रस्त्यांत. या दुसऱ्याला अनुशेष असं भारदस्त नाव आहे. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९८४ च्या तिच्या अहवालात अनुशेष ३,००० कोटी रुपयांहून अधिक निघाला. इंजिनिअरिंगच्या पोराचा निदान पुढच्या परीक्षेत निघतो.

तर समुद्रावरची वही यंत्राच्या खोलीत आली. पहिले संगणक खोलीएवढे आणि खर्चिक होते. कोण बसलं, किती वाजता बसलं, काय बिघडलं हे चालक वहीत लिहीत. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्राच्या वहीत ९ सप्टेंबर १९४७ या तारखेला एक पतंग चिकटपट्टीने चिकटवलेला आहे. यंत्राच्या रिलेमध्ये तो अडकला होता. हा खराखुरा 'बग' सापडल्याची नोंद त्या माणसांनी मोठ्या कौतुकाने केली. बग हा शब्द बिघाडासाठी आधीपासून चालत होता, म्हणून तर त्यांना विनोद सुचला. ती वही आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. कीटकाला मरणोत्तर मिळालेली एवढी प्रसिद्धी दुसरी नाही.

मग अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी व्यवस्था उभी केली. सीटीएसएस तिचं नाव; १९६१ च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. तोवर पंचकार्डांची चळत खिडकीत द्यायची आणि निकालासाठी ताटकळायचं अशी रीत होती, आणि निकाल बहुधा "स्वल्पविराम चुकला" एवढाच असे. आता प्रत्येकाने टाइपरायटरसारख्या यंत्रापुढे बसून आपलं काम आपण करायचं. पण यंत्राचा वेळ महाग, तो मोजून द्यायचा, म्हणजे कोण आलं आणि कधी गेलं ही नोंद आलीच. वही धरून उभा राहणारा माणूस काढून टाकला आणि वहीचं काम यंत्राला दिलं. आज्ञा होत्या लॉगिन आणि लॉगआउट. ज्याची त्याची फाइल ज्याला त्याला मिळावी म्हणून जोडीला पासवर्ड आला.

पासवर्ड आल्यावर तो फुटायला फार वेळ लागला नाही. अ‍ॅलन शेर या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळत आणि ते पुरत नसत. १९६२ साली त्याने एका शुक्रवारी रात्री पंचकार्डाने फर्मान सोडलं की पासवर्डची फाइल छापून ठेवावी. यंत्राने आज्ञाधारकपणे छापली. शनिवारी सकाळी जाऊन त्याने ती उचलली. मिळालेल्या यादीत त्याने इतरांनाही वाटेकरी करून घेतलं. पंचवीस वर्षांनी त्याने हे स्वतःच कबूल केलं. १९६६ साली तर याच व्यवस्थेत दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सुविचाराच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. त्या दिवशी सूचनाफलक सगळ्यांनी वाचला असणार.

या शब्दाच्या चरित्रातला सर्वांत मोठा प्रसंग २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाचा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकात लॉगिन करत होता. फोनवर पलीकडे बिल ड्युव्हॉल. एल टाइप केलं, पोचलं. ओ टाइप केलं, पोचलं. जी टाइप केलं आणि पलीकडचा संगणक कोसळला. पुढे इंटरनेट म्हणून वाढलेल्या अर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश म्हणून जगाच्या हाती 'लो' एवढंच लागलं. तासाभराने दुरुस्ती होऊन पुरतं लॉगिन झालं. म्हणजे इंटरनेटवर माणसाने केलेलं पहिलं काम लॉगिन, आणि त्याला आलेला पहिला अनुभव सर्व्हर डाऊन. त्या रात्रीची नोंद क्लाइनने कुठे केली? समोर एक वही होती, तिच्यात पेनाने. लॉगमध्ये लॉगिन लिहून ठेवलं.

समुद्रावर लॉगचा संबंध प्रवासाशी होता. ओंडका सांगे, जहाज किती पुढे गेलं. कचेरीतला लॉग तुम्ही जहाजावर आहात एवढंच सांगतो. जहाज कुठे चाललं आहे हे विचारायचं नाही. कॉल सेंटरमध्ये लॉगिनचे तास मोजतात, मधल्या चहाचे, जेवणाचे आणि लघुशंकेचे वेगवेगळे कोड असतात, बेरीज महिन्याच्या शेवटी पगाराशी जाऊन भिडते. २०२० मध्ये काम घरी आलं तेव्हा पडद्यावरच्या हिरव्या टिंबाची राखण सुरू झाली. माउस आपोआप हलवत राहणारी छोटी यंत्रं बाजारात आली. २०२४ साली वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने कीबोर्डवर काम चालल्याचा नुसता आभास निर्माण केल्याबद्दल डझनाहून अधिक लोकांना काढलं. जवळच्या गाठी मारणारा सतराव्या शतकातला खलाशी याकडे व्यावसायिक आपुलकीने पाहील.

मायक्रोसॉफ्टने मध्यंतरी 'साइन इन' हा पर्याय पुढे रेटला. हजेरीपुस्तकावर सही करणाऱ्या देशात तो सहज रुजायला हवा होता. रुजला नाही, कारण तोवर लॉगिनने आपल्याकडे नवी जमीन धरली होती. गृहकर्जाच्या धंद्यात लॉगिन म्हणजे कर्जाची फाइल बँकेत दाखल होणं. तिथे माणूस लॉगिन होत नाही, फाइल होते. "तुमची फाइल आज लॉगिन करतो, फक्त लॉगिन फी भरा," असं एजंट म्हणतो, आणि घर अजून खड्ड्याच्या अवस्थेत असलं तरी ग्राहकाला गृहप्रवेशाची चाहूल लागते.

सरकारी महाराष्ट्राने याहून पुढची मजल मारली. इथे लॉगिन ही जागा आहे. पूर्वी अर्ज टेबलावर असायचा, आता लॉगिनला असतो. सातबाऱ्याचा फेरफार "तलाठ्याच्या लॉगिनवरून गेलाय, मंडळ अधिकाऱ्यांच्या लॉगिनला आहे." शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला अडकतो, तिथून सुटला की प्राचार्यांच्या लॉगिनला जाऊन बसतो. लाल फितीचा कारभार संपल्याची घोषणा झाली, फीत खरोखर गेली, आणि मुक्काम तेवढे राहिले. "साहेब जाग्यावर आहेत का?" असं विचारत जिने चढणारा शेतकरी आता सेतू केंद्रात बसून "साहेबांच्या लॉगिनला आलं का?" असं विचारतो. गुडघ्यांची सोय झाली हे कबूल करायला हवं.

आणि साहेबांचं लॉगिन साहेबांकडे असतंच असंही नाही. बऱ्याच कचेऱ्यांत ते ऑपरेटर पोराकडे असतं. युजरनेम आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, खाली चहावाल्याचा नंबर. फाइल चोरण्यासाठी अ‍ॅलन शेरला शुक्रवारच्या रात्रीपासून शनिवारच्या सकाळपर्यंत थांबावं लागलं. इथे खुर्ची थोडी सरकवली तरी पुरतं. यावर उपाय म्हणून ओटीपी आणला. तो साहेबांच्या मोबाइलवर जातो आणि साहेब जिल्ह्याला बैठकीत असतात. मग ऑपरेटर फोन लावतो, एका हाताने माउस धरतो आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "साहेब, सहा आकडे आलेत बघा, सांगता का पटकन? आणि कालचे नका सांगू."